सॉफ्टवेअर राउटरमध्ये इंटरप्ट की पोलिंग? निवड, मांडणी आणि चाचणी

सॉफ्टवेअर राउटरमध्ये पॅकेट पुढे पाठवण्याचे काम खास घडवलेली चिप करत नाही, सर्वसाधारण प्रोसेसर करतो. लिनक्स किंवा फ्रीबीएसडी चालवणारा सर्व्हर, ओपनडब्ल्यूआरटी बसवलेला घरातला छोटा राउटर, आभासी यंत्रात चालणारी फायरवॉल हे सगळे याच प्रकारात मोडतात. नेटवर्क कार्डावर पॅकेट येऊन पोहोचले, ही गोष्ट प्रोसेसरला कशी कळावी, हा अशा यंत्राच्या रचनेतला पहिला प्रश्न असतो. त्याची उत्तरे दोन आहेत. कार्डाने प्रोसेसरचे चालू काम थांबवून कळवणे म्हणजे इंटरप्ट. प्रोसेसरने आपणहून कार्डाकडे पुन्हा पुन्हा पाहणे म्हणजे पोलिंग. कमी वाहतुकीत या दोहोंतला फरक जाणवतही नाही. वाहतूक क्षमतेच्या पलीकडे गेली की याच निवडीवर राउटर तगतो किंवा कोलमडतो.

हिशेब पॅकेटांचा

राउटरची क्षमता सांगताना गिगाबिटचे आकडे दिले जातात, पण प्रोसेसरला पडणारे काम मुख्यतः पॅकेटच्या संख्येवर ठरते. मार्ग शोधणे, हेडरमध्ये बदल करणे, पुढच्या रांगेत टाकणे ही कामे लहान आणि मोठ्या पॅकेटसाठी जवळपास सारखीच असतात.

इथरनेटवरची सर्वांत लहान फ्रेम ६४ बाइटची असते. तिच्याआधीचे ८ बाइट आणि नंतरचे १२ बाइटचे अंतर धरले, तर तारेवर ती ८४ बाइट म्हणजे ६७२ बिट जागा घेते. त्यामुळे १ गिगाबिटच्या तारेवर सेकंदाला जास्तीत जास्त १४,८८,०९५ आणि १० गिगाबिटच्या तारेवर १,४८,८०,९५२ लहान फ्रेम येऊ शकतात. याउलट १,५१८ बाइटच्या मोठ्या फ्रेम १ गिगाबिटवर सेकंदाला जेमतेम ८१,२७४ मावतात. तार तीच, वेगही तोच, पण प्रोसेसरवरच्या भारात अठरा पटींचा फरक पडतो.

१० गिगाबिटवर लहान फ्रेम दर ६७.२ नॅनोसेकंदांनी येते. ३ गिगाहर्ट्‌झच्या एका कोअरला तेवढ्या वेळात सुमारे २०० सायकल मिळतात. मुख्य मेमरीतून एकदा वाचायला शंभर नॅनोसेकंदांच्या आसपास वेळ लागू शकतो, हे लक्षात घेतले की २०० सायकल किती तुटपुंज्या आहेत ते कळते. दर पॅकेटमागे एक इंटरप्ट हा खर्च या हिशेबात बसूच शकत नाही.

मोठ्या फायली उतरवून केलेली चाचणी म्हणूनच फसवी ठरते. आवाजी संभाषण, डीएनएसच्या विचारणा, टीसीपीच्या पोचपावत्या ही सगळी लहान पॅकेटे असतात, आणि सेवा ठप्प करण्यासाठी केलेल्या हल्ल्यांतही बहुधा लहान पॅकेटांचाच मारा होतो. राउटरची निवड आणि मांडणी सेकंदाला किती पॅकेट, या मापावर करावी.

इंटरप्ट कसा चालतो

पॅकेट आले की नेटवर्क कार्ड ते प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत उतरवते. त्यासाठी ड्रायव्हरने आधीच रिकाम्या बफरांची एक वर्तुळाकार यादी तयार ठेवलेली असते. तिला रिंग म्हणतात. रिंगमधल्या एका जागी पॅकेट उतरले की कार्ड इंटरप्ट देते. प्रोसेसर चालू काम बाजूला ठेवतो, आपली स्थिती जपून ठेवतो, ड्रायव्हरचा इंटरप्ट हाताळणारा भाग चालवतो आणि मग मूळ कामाकडे परततो.

या पद्धतीचे दोन मोठे गुण आहेत. पॅकेट नसेल तेव्हा प्रोसेसरचा एक क्षणही खर्ची पडत नाही. तो दुसरे काम करू शकतो किंवा झोपेत जाऊन वीज वाचवू शकतो. आणि पॅकेट आले की त्याची दखल लगेच घेतली जाते.

दोष खर्चात आहे. प्रत्येक इंटरप्टमागे स्थिती जपणे आणि परत आणणे, कॅशमधली उपयोगाची माहिती बाहेर ढकलली जाणे, कार्डाच्या रजिस्टरांशी संवाद साधणे असा शेकडो ते काही हजार सायकलचा भुर्दंड पडतो. त्या एका इंटरप्टमध्ये एकच पॅकेट हाताळले तर सगळा भुर्दंड त्याच्यावर पडतो; पन्नास हाताळली तर तो पन्नासांत वाटला जातो. पॅकेटप्रक्रियेतल्या बहुतेक सुधारणांच्या मुळाशी हेच तत्त्व आहे.

अतिभार आणि लाइव्हलॉक

निव्वळ इंटरप्टवर चालणाऱ्या राउटरची खरी अडचण खर्चापेक्षा प्राधान्यक्रमात आहे. इंटरप्टला इतर सर्व कामांपेक्षा वरचे स्थान असते. वाहतूक वाढत गेली की प्रोसेसरचा अधिकाधिक वेळ नवी पॅकेटे आत घेण्यात जातो, आणि आधी घेतलेली पॅकेटे पुढे पाठवायला वेळच उरत नाही. ती आतल्या रांगेत साचतात, रांग भरली की फेकली जातात, आणि त्यांच्यावर तोवर झालेले सगळे काम वाया जाते. शेवटी प्रोसेसर शंभर टक्के व्यग्र असतो आणि बाहेर एकही पॅकेट पडत नाही. या अवस्थेला रिसीव्ह लाइव्हलॉक म्हणतात.

जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी १९९६ मध्ये युझेनिक्स परिषदेत मांडलेल्या निबंधात हा प्रकार मोजून दाखवला. त्यांचा राउटर म्हणजे डिजिटल युनिक्स चालवणारे अल्फा प्रोसेसरचे यंत्र होते. १० मेगाबिटच्या इथरनेटवर सेकंदाला १४,८८० लहान पॅकेट येऊ शकतात. मूळ कर्नलवर या राउटरची मजल सेकंदाला सुमारे ४,७०० पॅकेटांपर्यंत गेली आणि त्यापुढे भार वाढला तशी बाहेर पडणाऱ्या पॅकेटांची संख्या घटत गेली. पॅकेट गाळणारा स्क्रीनडी हा प्रोग्राम चालू असताना कमाल मजल सुमारे २,००० होती, आणि सेकंदाला ६,००० पॅकेटांच्या आसपास राउटर पूर्ण ठप्प झाला.

त्यांनी सुचवलेल्या उपायांवर आजच्या रचना उभ्या आहेत. इंटरप्टने फक्त काम आल्याची सूचना द्यावी. प्रत्यक्ष काम पोलिंग करणाऱ्या धाग्याने (थ्रेडने) करावे. तो धागा काम करत असताना इंटरप्ट बंद ठेवावेत. प्रत्येक फेरीत किती पॅकेटे घ्यायची याला मर्यादा असावी. त्यांच्या चाचणीत १० ते २० पॅकेटांची मर्यादा उत्तम ठरली. पुढची रांग भरली असेल तर नवे पॅकेट आत घेणेच थांबवावे. यामागचा विचार नीट समजून घेण्याजोगा आहे: पॅकेट टाकून द्यायचेच असेल तर ते शक्य तितक्या लवकर टाकावे. कार्डाच्या रिंगमध्ये जागा नाही म्हणून नाकारलेल्या पॅकेटवर प्रोसेसरची एकही सायकल खर्च होत नाही.

लाइव्हलॉकचा फटका फक्त पुढे जाणाऱ्या वाहतुकीला बसत नाही. त्याच प्रोसेसरवर ओएसपीएफ आणि बीजीपी या मार्गनिर्धारण प्रोटोकॉलांचे प्रोग्रामही चालतात. त्यांना वेळ मिळाला नाही की शेजारी राउटरांना पाठवायचे संदेश खोळंबतात. ओएसपीएफमध्ये साधारणपणे ४० सेकंद संदेश आला नाही तर शेजारी राउटर संबंध तुटला असे समजतो. मग मार्ग बदलतात आणि एका यंत्रावरचा अतिभार साऱ्या नेटवर्कभर पसरतो. दुरुस्तीसाठी दुरून लॉग-इन करणेही त्याच वेळी अशक्य झालेले असते.

निव्वळ पोलिंग: लाभ आणि किंमत

पोलिंगमध्ये प्रोसेसर रिंगमधल्या पुढच्या जागेकडे पाहतो. पॅकेट असेल तर उचलतो, नसेल तर पुढे जातो. इंटरप्टचा भुर्दंड नाही, प्राधान्याचा गोंधळ नाही, आणि एका फेरीत अनेक पॅकेटे हाती लागत असल्याने कॅशचा उपयोगही चांगला होतो. एमआयटीमध्ये विकसित झालेल्या क्लिक या राउटरने २००० मध्ये याच मार्गाने ७०० मेगाहर्ट्‌झच्या पेंटियम ३ प्रोसेसरवर सेकंदाला ३,३३,००० लहान पॅकेटे एकही न गमावता पुढे पाठवून दाखवली.

किंमत दोन प्रकारे मोजावी लागते. अखंड पोलिंग केले तर वाहतूक असो वा नसो, एक कोअर पूर्ण गुंतून पडतो. ठरावीक अंतराने पोलिंग केले तर त्या अंतराइतका विलंब वाढतो, आणि रिंग तेवढ्या वेळात भरून वाहण्याचा धोका राहतो.

दुसऱ्या प्रकाराचे स्पष्ट उदाहरण फ्रीबीएसडीत सापडते. लुईजी रिझो यांनी २००१-०२ च्या सुमारास तिथे आणलेले डिव्हाइस पोलिंग घड्याळाच्या ठोक्यावर चालते. सेकंदाला १,००० ठोके ठेवले तर दर मिलिसेकंदाला एकदा रिंग तपासली जाते. १०० मेगाबिटच्या तारेवर तेवढ्या वेळात जास्तीत जास्त १४८ लहान पॅकेटे येतात, आणि या व्यवस्थेतली एका फेरीची कमाल मर्यादा मुळात १५० आहे. म्हणजे हिशेब नेमका जुळतो. १ गिगाबिटवर मात्र एका मिलिसेकंदात १,४८८ पॅकेटे येतात, आणि २५६ जागांची रिंग त्या वेळेच्या साधारण सहाव्या हिश्श्यात भरते. वेगवान कार्डांवर ही पद्धत मागे पडली त्याचे कारण या गणितात आहे. पण तिच्यातली एक कल्पना आजही मोलाची आहे: प्रोसेसरचा ठरावीक हिस्सा वापरकर्त्याच्या प्रोग्रामांसाठी राखून ठेवता येतो. तो मुळात ५० टक्के असतो. त्यामुळे पॅकेटांचा कितीही मारा झाला तरी यंत्र हाताळता येते.

नॅपी: दोहोंची सांगड

लिनक्समध्ये नॅपी ही रचना जमाल हादी सलीम, रॉबर्ट ओल्सन आणि अलेक्सेई कुझनेत्सोव्ह यांनी २००१ मध्ये मांडली. आज लिनक्सचे जवळपास सगळे नेटवर्क ड्रायव्हर तिच्यावर चालतात. गणपतीच्या दिवसांत घरी दर्शनाला येणाऱ्यांची रीघ लागली की प्रत्येकाने बेल वाजवण्याची वाट पाहिली जात नाही. दार उघडे ठेवतात आणि रीघ ओसरली की पुन्हा लावून घेतात. नॅपीची पद्धत तशीच आहे.

पहिले पॅकेट आले की इंटरप्ट येतो. ड्रायव्हर लगेच त्या रांगेचा इंटरप्ट बंद करतो आणि कर्नलच्या यादीत तिचे नाव घालतो. पुढचे काम कर्नल पोलिंगने करतो. एका रांगेतून एका फेरीत साधारण ६४ पॅकेटे घेतली जातात. त्याहून कमी मिळाली, तर रांग रिकामी झाली असे समजून इंटरप्ट पुन्हा चालू होतो. पूर्ण ६४ मिळाली तर रांग यादीत कायम राहते आणि तिची पाळी पुन्हा येते. सगळ्या रांगा मिळून एका सत्रात ३०० पॅकेटांची मर्यादा असते, तशीच वेळेचीही मर्यादा असते. काम तरीही उरले तर ते केसॉफ्टआयआरक्यूडी नावाच्या कर्नल धाग्याकडे जाते, आणि त्याला इतर प्रोग्रामांच्या बरोबरीने पाळी घ्यावी लागते.

अशा रीतीने कमी वाहतुकीत यंत्र इंटरप्टवर चालते, जास्त वाहतुकीत आपोआप पोलिंगवर जाते, आणि अतिभार झाला तर पॅकेटे कार्डावरच टाकली जातात. बहुसंख्य राउटरांसाठी ही व्यवस्था पुरेशी असते. वेगळे काही बसवण्याआधी ती नीट जुळवून घ्यावी.

इंटरप्टचे एकत्रीकरण

नॅपीच्या जोडीला कार्डातच एक सोय असते. पॅकेट आल्या आल्या इंटरप्ट न देता कार्ड काही मायक्रोसेकंद थांबते, किंवा ठरावीक संख्येने पॅकेटे साचू देते, आणि मग एकच इंटरप्ट देते. लिनक्समध्ये ईथटूल या आज्ञेच्या ‘शो-कोअलेस’ पर्यायाने ही मूल्ये पाहता येतात आणि ‘कोअलेस’ पर्यायाने बदलता येतात.

मूल्य ठरवताना रिंगचा आकार आणि तारेचा वेग एकत्र पाहावा. थांबा ५० मायक्रोसेकंदांचा असेल तर १ गिगाबिटवर तेवढ्या वेळात सुमारे ७४ लहान पॅकेटे येतात. २५६ जागांच्या रिंगमध्ये ती सहज मावतात. १० गिगाबिटवर तेवढ्याच वेळात सुमारे ७४४ येतात, आणि ५१२ जागांची रिंग ३४ मायक्रोसेकंदांतच भरते. तिथे थांबा कमी करावा किंवा रिंग वाढवावी. रिंग अतोनात वाढवणे हाही उपाय नव्हे. मोठ्या रिंगमध्ये पॅकेटे जास्त वेळ ताटकळतात आणि बफर कॅशमध्ये मावेनासे झाले की प्रत्येक पॅकेटचा खर्च वाढतो. अनेक कार्डांत वाहतुकीनुसार थांबा आपोआप बदलण्याची सोय असते. वाहतूक सतत चढउताराची असेल तर ती चालू ठेवावी. चाचणी घेताना मात्र बंद करून मूल्य स्थिर ठेवावे, नाहीतर दोन चाचण्यांची तुलना करता येत नाही.

काम अनेक कोअरमध्ये वाटणे

एका कोअरची क्षमता संपली की पोलिंग आणि इंटरप्ट या वादाचा उपयोग संपतो. काम वाटावेच लागते. आधुनिक कार्डांत अनेक रांगा असतात आणि प्रत्येक रांगेला स्वतंत्र इंटरप्ट असतो. कार्ड पॅकेटच्या पत्त्यांवरून आणि पोर्टवरून एक संख्या काढते आणि तिच्यानुसार रांग निवडते. एकाच संभाषणाची पॅकेटे एकाच रांगेत जात असल्याने त्यांचा क्रम बिघडत नाही. या सोयीला आरएसएस म्हणतात. प्रत्येक रांगेचा इंटरप्ट वेगळ्या कोअरला नेमून द्यावा, आणि तो कोअर शक्यतो कार्ड ज्या प्रोसेसरला जोडले आहे त्याच प्रोसेसरवरचा असावा. दोन प्रोसेसरांच्या सर्व्हरमध्ये हे चुकले तर प्रत्येक पॅकेटला पलीकडच्या मेमरीचा फेरा पडतो.

इथे एक नेहमीची अडचण येते. भारतातले अनेक ब्रॉडबँड पुरवठादार ग्राहकांना पीपीपीओईने जोडतात. पुष्कळ कार्डांना पीपीपीओईच्या वेष्टनाच्या आतला पत्ता वाचता येत नाही, त्यामुळे सगळी पॅकेटे एकाच रांगेत आणि एकाच कोअरवर जातात. बाकीचे कोअर रिकामे, एक शंभर टक्क्यांवर आणि राउटर संथ, असे चित्र दिसले तर हे कारण आधी तपासावे. २०१० मधल्या २.६.३५ आवृत्तीपासून लिनक्समध्ये आरपीएस ही सोय आहे. ती वेष्टनाच्या आत पाहून काम सॉफ्टवेअरमध्येच इतर कोअरना वाटते. ओपनडब्ल्यूआरटीत ती पॅकेट स्टिअरिंग या नावाने मिळते. जीआरई किंवा आयपीसेकचा एकच मोठा बोगदा असेल तरीही हीच अडचण येते. तिथे मात्र शक्य असल्यास एकाऐवजी अनेक बोगदे करणे हा सरळ उपाय आहे.

पूर्णवेळ पोलिंग आणि कर्नलबाहेरचे मार्ग

सेकंदाला काही दशलक्ष पॅकेटांच्या पुढे कर्नलची नेहमीची वाट अपुरी पडू लागते. तिथे डीपीडीके हा प्रमुख पर्याय आहे. इंटेलमध्ये सुरू झालेला हा प्रकल्प २०१७ पासून लिनक्स फाउंडेशनकडे आहे. यात ड्रायव्हर कर्नलबाहेर, प्रोग्रामच्या आतच चालतो. एक कोअर कार्डाला वाहून दिलेला असतो आणि तो अखंड पोलिंग करत, साधारण ३२ पॅकेटांचा एकेक गठ्ठा उचलतो. सिस्कोने २०१६ मध्ये खुल्या केलेल्या व्हीपीपी या राउटरचा पाया बहुधा डीपीडीकेच असतो. त्यात प्रत्येक इंटरफेससाठी पोलिंग, इंटरप्ट किंवा परिस्थितीनुसार बदलणारी पद्धत निवडता येते.

हा मार्ग घेताना चार गोष्टींची तयारी हवी. वाहून दिलेले कोअर इतर कामांपासून अलग ठेवावे लागतात. मोठ्या आकाराची मेमरी पाने आधीच राखावी लागतात. कार्ड कर्नलच्या ताब्यातून गेल्याने पॅकेट पकडून पाहण्याची आणि फायरवॉलची नेहमीची साधने त्यावर चालत नाहीत. आणि प्रोसेसरचा वापर कायम शंभर टक्के दिसत असल्याने त्या आकड्यावरून भार कळत नाही. त्याऐवजी किती फेऱ्या रिकाम्या गेल्या आणि प्रत्येक फेरीत सरासरी किती पॅकेटे मिळाली हे पाहावे लागते. वीज आणि उष्णता यांचा खर्चही चोवीस तास चालू राहतो.

पूर्ण बाहेर न पडताही बराच पल्ला गाठता येतो. रिझो यांनी २०१२ मध्ये मांडलेल्या नेटमॅपने ९०० मेगाहर्ट्‌झवर चालणाऱ्या एकाच कोअरवर १० गिगाबिटची पूर्ण गती, म्हणजे सेकंदाला १.४८८ कोटी पॅकेटे, गाठून दाखवली. त्यात इंटरप्ट काढून टाकलेले नव्हते. बफर आधीच वाटून ठेवणे, नकला टाळणे आणि एका सिस्टिम कॉलमध्ये पॅकेटांचा मोठा गठ्ठा हाताळणे यांचा तो परिणाम होता. गती वाढायला इंटरप्ट काढून टाकावेच लागतात असे नाही, हे यावरून दिसते.

लिनक्समध्ये २०१६ पासून असलेली एक्सडीपी ही सोय नॅपीच्या फेरीतच, पॅकेटसाठी कर्नलची नेहमीची मांडणी होण्याआधी, छोटा प्रोग्राम चालवते. २०१८ च्या निबंधात तिच्या साहाय्याने एका कोअरवर सेकंदाला २.४ कोटी पॅकेटांपर्यंत प्रक्रिया झाल्याची नोंद आहे. हल्ल्याची पॅकेटे दारातच टाकून द्यायची असतील तर हा मार्ग स्वस्त पडतो. २०२१ मधल्या ५.१२ आवृत्तीपासून नॅपीची फेरी स्वतंत्र कर्नल धाग्यात चालवता येते. मग तिला हवा तो कोअर आणि हवे ते प्राधान्य देता येते, आणि तिचा खर्चही इतर धाग्यांसारखा वेगळा दिसतो.

आभासी यंत्रात राउटर चालवताना आणखी काळजी घ्यावी. तिथे इंटरप्ट महाग पडू शकतो, कारण त्याच्या निमित्ताने नियंत्रण पाहुण्या यंत्राकडून यजमानाकडे आणि परत जाऊ शकते. म्हणून पोलिंगचा मोह होतो. पण यजमानाने खऱ्या कोअरपेक्षा जास्त आभासी कोअर वाटले असतील, तर पोलिंग करणारा आभासी कोअर मधेच थांबवला जातो आणि रिंग भरून वाहते. आभासी कोअर खऱ्या कोअरला बांधून दिलेला नसेल तर पूर्णवेळ पोलिंग करू नये.

कोणी काय निवडावे

घर, लहान कार्यालय किंवा शाळा यांच्या १ गिगाबिटपर्यंतच्या जोडणीसाठी नॅपी आणि आपोआप बदलणारे एकत्रीकरण पुरते. लहान राउटरचे कोअर दुबळे असतात, म्हणून काम सगळ्या कोअरमध्ये वाटले जात आहे याची खात्री तेवढी करावी. इथे पूर्णवेळ पोलिंग केले तर वीज जाते आणि वाय-फाय, डीएनएस यांच्या वाट्याचा प्रोसेसर हिरावला जातो.

१० गिगाबिटच्या आसपास मिश्र वाहतूक हाताळणाऱ्या पुरवठादाराने किंवा महाविद्यालयाने आधी अनेक रांगा, इंटरप्टची कोअरनिहाय नेमणूक, योग्य रिंग आणि योग्य थांबा एवढे करावे. मार्गनिर्धारणाचे प्रोग्राम आणि लॉग-इन यांच्यासाठी किमान एक कोअर राखून ठेवावा. हल्ल्यांचा त्रास असेल तर एक्सडीपी जोडावे.

लहान पॅकेटांच्या पूर्ण गतीवर १० गिगाबिट किंवा त्याहून अधिक हवे असेल, आणि यंत्र फक्त याच कामाला ठेवता येत असेल, तर डीपीडीकेवरची रचना निवडावी. तिच्या देखभालीला जाणकार माणूस लागतो, हेही खर्चात धरावे.

विलंबाला सर्वाधिक महत्त्व असेल तिथे एकत्रीकरणाचा थांबा अगदी कमी करावा आणि प्रोसेसरच्या खोल झोपेच्या अवस्था बंद कराव्यात. खोल झोपेतून जागे व्हायला सर्व्हरच्या प्रोसेसरला शंभर मायक्रोसेकंदांच्या घरात वेळ लागू शकतो. इंटरप्टच्या नावावर खपणारा विलंब पुष्कळदा या झोपेचा असतो.

तपासणीचा क्रम

पहिल्यांदा पॅकेटे कुठे टाकली जात आहेत ते शोधावे. ईथटूलचा ‘स्टॅटिस्टिक्स’ पर्याय कार्डाचे मोजक दाखवतो. तिथे चुकलेली किंवा बफर न मिळालेली पॅकेटे वाढत असतील तर प्रोसेसर रिंग वेळेवर रिकामी करत नाही, असा अर्थ होतो. प्रॉक फाइलप्रणालीच्या नेट विभागातील सॉफ्टनेट-स्टॅट या फाइलमध्ये प्रत्येक कोअरसाठी एक ओळ असते आणि आकडे षोडशमान पद्धतीत असतात. पहिला स्तंभ हाताळलेल्या पॅकेटांचा, दुसरा कर्नलच्या रांगेत जागा नसल्याने टाकलेल्यांचा, आणि तिसरा काम शिल्लक असताना मर्यादा संपून थांबावे लागल्याच्या प्रसंगांचा. तिसरा स्तंभ झपाट्याने वाढत असेल तर नेटदेव-बजेट हे मूल्य ३०० वरून थोडे थोडे वाढवून पाहावे. प्रॉकमधल्याच इंटरप्ट्स या फाइलवरून इंटरप्ट कोणत्या कोअरवर पडतात ते कळते. सगळा भार एकाच स्तंभात दिसला तर वाटणी झालेली नाही.

त्यानंतर चाचणी घ्यावी. १९९९ मधल्या आरएफसी २५४४ या दस्तऐवजात तिची रीत दिली आहे. पॅकेट निर्माण करणारे यंत्र, मधे राउटर आणि पलीकडे मोजणारे यंत्र अशी मांडणी करावी. फ्रेमचे आकार ६४ ते १,५१८ बाइटपर्यंत सात टप्प्यांत घ्यावेत आणि प्रत्येक चाचणी किमान ६० सेकंद चालवावी. पॅकेट निर्माण करायला लिनक्समधले पीकेटीजेन किंवा सिस्कोचे टीरेक्स वापरता येते. एकही पॅकेट न गमावता मिळणारी कमाल गती हा आकडा आवश्यक आहे, पण तेवढ्यावर थांबू नये. क्षमतेच्या दीडपट, दुप्पट भार घालून बाहेर किती पॅकेटे पडतात ते मोजावे. आलेख वर चढून सपाट झाला तर रचना योग्य आहे. वर चढून खाली कोसळला तर लाइव्हलॉक आहे, आणि कमाल गती कितीही चांगली असली तरी ते यंत्र सेवेत घालू नये. याच अतिभारात दुरून लॉग-इन होते का आणि शेजारी राउटरांशी संबंध टिकतात का, तेही पाहावे.

एका वेळी एकच मूल्य बदलावे, बदलाआधीचे आणि नंतरचे आकडे लिहून ठेवावेत, आणि ज्या बदलाने फरक पडला नाही तो मागे घ्यावा. सरासरी विलंबाबरोबर शंभरातल्या सर्वांत संथ एका पॅकेटचा विलंबही नोंदवावा, कारण एकत्रीकरण आणि रिंगवाढ यांचे दुष्परिणाम आधी तिथेच दिसतात.

निवांत वेळी इंटरप्ट, गर्दीत पोलिंग आणि अतिभारात लवकर नकार, ही तीन सूत्रे ज्या राउटरमध्ये सांभाळली जातात तो साध्या यंत्रावरही भरवशाने चालतो. नवे यंत्र विकत घेण्याआधी हाताशी असलेल्या यंत्रात ती सांभाळली जात आहेत का, याची चाचणी प्रत्येक व्यवस्थापकाने एकदा तरी घ्यावी.